माळा कीं मजला ? — घराच्या उंचीचे नियम

सुगी आटोपली, मालाचे चार पैसे हातीं आले, म्हणजे शेतकऱ्याच्या मनांत पहिला विचार येतो तो घराचा. कोणी जुनीं कौलें उतरवून स्लॅब घालूं इच्छितो, कोणी ओटीवर एक मजला चढवूं पाहतो, कोणी धान्यापुरता माळा तरी असावा असें म्हणतो. वीट कोठली घ्यावी, वाळू कोणत्या नदीची आणावी, दारास साग लावावा कीं लोखंड, याविषयीं घरांत महिना महिना खल चालतो. परंतु खोलीची उंची किती ठेवावी, हा प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाहीं. तो गवंड्यावर सोंपविलेला असतो. आणि गवंडी आपल्या अंदाजानें विटांचे थर मोजून थांबतो.

ही चूक दिसावयास वीतभर असते, पण पुढें ती दुरुस्त होत नाहीं. खिडकी फोडून मोठी करतां येते, मधली भिंत पाडतां येते, जिना दुसरीकडे हालवितां येतो. परंतु एकदां ओतलेला स्लॅब वर उचलतां येत नाहीं. शिवाय उंचीवरूनच वरची जागा ‘मजला’ ठरते कीं ‘माळा’ ठरते, आणि त्या एका शब्दावर परवानगी, कर, कर्ज व वाटणी हीं सर्व अवलंबून असतात. यास्तव या नियमांची सोपी फोड शेतकरी बंधूंपुढें ठेवीत आहें.

एका वाटणीची हकीकत

महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां वाटणीचे कागद डोळ्यांखालून पुष्कळ गेले. त्यांपैकीं एकाची हकीकत येथें सांगतों. नांवगांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. दोघां भावांनीं वडिलोपार्जित कौलारू घर वांटून घेतलें. कागदांत लिहिलें होतें, ‘तळमजला थोरल्याचा, वरचा मजला धाकट्याचा.’ वरचा मजला कोरडा व हवेशीर म्हणून त्याचें मोल अधिक धरलें, आणि त्या बदल्यांत धाकट्यानें गोठ्यावरील आपला हक्क सोडून दिला. त्या वेळीं वरती कणग्या व बियाण्याच्या गोण्या असत. तेथें कोणी राहत नसे.

कांहीं वर्षांनीं धाकट्यानें वरती बिऱ्हाड करावयाचें ठरविलें व दुरुस्तीसाठीं कर्ज मागितलें. अभियंत्यानें येऊन माप घेतलें तों भिंतीपाशीं उंची १.२ मीटर, आढ्याखालीं २.७ मीटर, म्हणजे सरासरी १.९५ मीटर. ‘ही जागा राहण्याजोगी नाहीं’ असा अभिप्राय पडला व कर्ज मिळालें नाहीं. भिंती उंच कराव्या म्हटलें, तर खालच्या भिंती मातीच्या, वरचें ओझें न पेलणाऱ्या. आणि त्याही थोरल्याच्या वांट्याच्या. धाकटा म्हणूं लागला, ‘मजला सांगून मला माळा दिला.’ थोरला म्हणूं लागला, ‘तूं आपल्या डोळ्यांनीं पाहून घेतलास.’ दोघेही खरें बोलत होते. खोटा होता तो कागदांतील एक शब्द. तो शब्द लिहितांना कोणी टेप धरून उंची मोजली असती, तर तंट्यास कारणच उरलें नसतें.

नियम कोणाचे ?

आपल्या देशांत इमारतींविषयीं ‘राष्ट्रीय इमारत संहिता’ या नांवाचा एक मोठा ग्रंथ आहे. ती प्रथम इ. स. १९७० मध्यें प्रसिद्ध झाली व पुढें १९८३, २००५ आणि २०१६ या सालीं सुधारून निघाली. ती काढणाऱ्या संस्थेस पूर्वीं भारतीय मानक संस्था म्हणत. पुढें तिचें भारतीय मानक ब्यूरो झालें. ही संहिता स्वतः कायदा नव्हे. ती नमुना आहे. राज्यशासन किंवा नगरपालिका आपल्या नियमावलींत तिचे नियम घेते, तेव्हां ते बंधनकारक होतात.

महाराष्ट्र शासनानें डिसेंबर २०२० मध्यें ‘एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली’ मंजूर केली. बृहन्मुंबई व आणखी कांहीं क्षेत्रें वगळून ती राज्याच्या बहुतेक भागास लागू करण्यांत आली. गांवांत घर बांधण्यास परवानगी घेण्याचा विषय महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८, याच्या कलम ५२ मध्यें आला आहे. शेतांतल्या बांधकामाविषयीं महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, पाहावी लागते. तिच्या कलम २ मध्यें शेतावरील इमारतीची व्याख्या आहे : अवजारें, खत, वैरण किंवा शेतमाल सांठविण्यासाठीं, गुरांच्या निवाऱ्यासाठीं, अथवा जमीनधारकाचें कुटुंब, नोकर वा कुळें यांच्या राहण्यासाठीं उभारलेली इमारत ती शेतावरील इमारत. वैरण ठेवणें व माणसानें राहणें हीं दोन्ही एकाच व्याख्येंत आलीं, म्हणून दोहोंस एकच उंची पुरेल असें मात्र समजूं नये.

पुढील आंकडे मुख्यत्वेंकरून राष्ट्रीय संहितेचे आहेत. आपल्या भागाच्या नियमावलींत एखादा आंकडा थोडा कमी-अधिक असूं शकतो. सबब पाया खणण्यापूर्वीं स्थानिक नियम अवश्य पाहावा. आंकड्यांमागचें तत्त्व मात्र सर्वत्र एकच आहे.

मजला म्हणजे काय ?

संहितेप्रमाणें मजला म्हणजे एका फरशीच्या पृष्ठभागापासून तिच्या लगतच्या वरच्या फरशीच्या पृष्ठभागापर्यंतचा इमारतीचा भाग; आणि वर दुसरी फरशी नसेल, तर त्या फरशीपासून वरच्या छतापर्यंतचा भाग. म्हणजे मजला हा जिन्यानें होत नाहीं, दारानें होत नाहीं, किंवा आपण त्यास मजला म्हटल्यानेंही होत नाहीं. वर चढावयास पक्का जिना बांधला तरी माळा तो माळाच राहतो. आणि शिडीनें चढावें लागलें तरी पुऱ्या उंचीची खोली ती खोलीच असते.

येथें एक भेद ध्यानांत ठेवावा. मजल्याची उंची फरशीपासून फरशीपर्यंत मोजतात. खोलीची उंची फरशीपासून छताच्या सर्वांत खालच्या भागापर्यंत मोजतात. या दोहोंमध्यें स्लॅबची जाडी व वरच्या फरशीखालील थर इतकें अंतर असतें. बहुतेक घोटाळे येथेंच होतात. उदाहरणार्थ, गवंड्यास ‘साडेनऊ फुटांचा मजला’ असें सांगितलें. साडेनऊ फूट म्हणजे २.९० मीटर. त्यांतून स्लॅब १२.५ सेंटीमीटर व फरशी तिच्या थरासह ७ सेंटीमीटर वजा जातां खोलीस उरली २.७०५ मीटर. नियम आहे २.७५ मीटरचा. साडेचार सेंटीमीटरांनीं, म्हणजे दोन बोटें रुंदीच्या मापानें, खोली उणी पडली. तेंच मजल्याची उंची ३ मीटर, म्हणजे सुमारें ९ फूट १० इंच, ठेविली असती, तर खोलीस २.८० मीटर मिळाले असते व कोणाचा आक्षेप राहिला नसता.

दुसरा घोटाळा शब्दांचा आहे. आपल्या बोलण्यांत ‘दुमजली घर’ म्हणजे खालचा एक व वरचा एक असे दोन मजले. परंतु नकाशांत खालच्यास तळमजला व त्याच्या वरच्यास पहिला मजला म्हणतात. कागदांत नुसतें ‘पहिला मजला’ असें आलें, म्हणजे एक पक्ष खालचा समजतो व दुसरा वरचा समजतो. सबब कागद करतांना ‘तळमजला’ व ‘तळमजल्यावरील पहिला मजला’ असे पुरे शब्द लिहावे. गच्चीवर जिन्याचें तोंड झांकण्यासाठीं केलेली लहान खोली व गच्चीचा कठडा हे ठराविक मापांत असतील तर इमारतीच्या उंचींत धरीत नाहींत. पण त्याच जिन्याच्या खोलीस मोरी जोडून, खिडक्या लावून तेथें कोणी राहूं लागला, म्हणजे गोष्ट निराळी होते.

राहत्या खोलीस नऊ फूट कां ?

माणसें राहतात, निजतात किंवा स्वयंपाक करतात अशा खोलीची उंची २.७५ मीटरांहून कमी नसावी, असा संहितेचा नियम आहे. हे सुमारें ९ फूट होतात. तुळईखालीं निदान २.४ मीटर, म्हणजे जवळजवळ ७ फूट १० इंच मोकळी जागा पाहिजे. ज्या खोलींत यंत्रानें हवा थंड केलेली असते तेथें २.४ मीटर उंचीही चालते. परंतु वीज गेली म्हणजे ती खोली इतर खोल्यांसारखीच होते, हें खेड्यांतील माणसास सांगावयास नको.

नऊ फुटांचा हा हट्ट सरकारी लहर नव्हे. संहितेप्रमाणें एका राहत्या खोलीचें क्षेत्रफळ ९.५ चौरस मीटर, म्हणजे सुमारें १०२ चौरस फूट, तरी असावें. अशी खोली २.७५ मीटर उंच असेल तर तींत २६ घनमीटर हवा मावते. तीच खोली २.१ मीटर उंच केली तर हवा २० घनमीटरांवर येते. म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा गेला. त्या खोलींत चार माणसें निजलीं तर प्रत्येकाच्या वांट्याची हवा तितकी घटली. श्वासानें गरम व दमट झालेली हवा वर चढते. छत उंच असेल व भिंतीच्या माथ्याशीं झरोका असेल तर ती निघून जाते. छत ठेंगणें असेल तर ती निजलेल्या माणसाच्या तोंडाशींच घोटाळते. चुलीच्या धुराचें तेंच. शिवाय वैशाखांत पत्रा किंवा स्लॅब दिवसभर तापून संध्याकाळीं खालीं आंच टाकतो. छत डोक्याच्या जितकें जवळ, तितका तो ताप अधिक.

ठेंगण्या व काळोख्या खोल्यांत दाटीनें राहिल्यास रोग किती बळावतो, हें इ. स. १८९६ मध्यें मुंबईंत सुरू झालेल्या प्लेगनें सर्वांस दाखविलें. पुढें १८९८ मध्यें तेथें शहर सुधार ट्रस्ट स्थापन झाला. दाटीच्या वस्त्या मोकळ्या करणें व नवे रस्ते काढून हवा आंत आणणें हें त्याचें काम होतें. शहरास जो धडा माणसें गमावून शिकावा लागला, तो खेड्यानें फुकट घ्यावा हें उत्तम.

परंतु नुसती उंची पुरेशी नाहीं. वर चढलेल्या हवेस वाट हवी. संहितेच्या हिशेबाप्रमाणें दारें सोडून खिडक्या-झरोक्यांचें एकंदर क्षेत्रफळ कोरड्या उष्ण हवेंत खोलीच्या क्षेत्रफळाच्या एक-दशांश व दमट उष्ण हवेंत एक-षष्ठांश असावें. वरील ९.५ चौरस मीटरांच्या खोलीस देशावरील कोरड्या भागांत सुमारें एक चौरस मीटर, व कोंकणांत दीड चौरस मीटरांहून थोडी अधिक जागा खिडक्यांस द्यावी लागेल. चोरांच्या भयानें खिडकी लहान ठेवण्याची जी जुनी चाल आहे, ती सोडावी. गज जाड घालावे, पण खिडकी मोठी ठेवावी.

न्हाणीघरास व शौचकूपास एवढी उंची लागत नाहीं. तेथें संहितेच्या जुन्या आवृत्तींत २.१ मीटरांची किमान मर्यादा दिलेली आहे. घरांतील कोठीच्या खोलीस मात्र २.२ मीटर, म्हणजे सुमारें ७ फूट ३ इंच उंची सांगितली आहे. हा आंकडा पुढें उपयोगीं पडेल.

उतरत्या छपराचें माप

कौलारू किंवा पत्र्याच्या घरांत उंची सर्वत्र सारखी नसते. तेथें वळचणीकडील व आढ्याखालील उंची मिळवून त्यांचें अर्धें करावें. ती सरासरी २.७५ मीटर भरली पाहिजे. त्याशिवाय वळचणीकडील कमींत कमी उंचीसही मर्यादा आहे. राष्ट्रीय संहितेंत ती २.४ मीटर सांगितली असून कांहीं स्थानिक नियमांत याहून कमी आंकडाही चालतो.

समजा, भिंतीपाशीं उंची २.४ मीटर व आढ्याखालीं ३.४ मीटर आहे. सरासरी २.९ मीटर झाली. खोली नियमांत बसली. दुसऱ्या घरांत भिंतीपाशीं २.१ मीटर व आढ्याखालीं ३.६ मीटर आहे. सरासरी २.८५ मीटर भरली खरी, पण भिंतीपाशीं उंची संहितेहून कमी पडली. म्हणून आढें उंच केलें म्हणजे झालें, असें समजूं नये. भिंत आधीं पुरेशी उंच हवी. कोंकणांतील जोराच्या पावसास छपराचा उतार अधिक लागतो व वळचण खालीं यावी लागते. अशा ठिकाणीं खोलीच्या भिंती उंच ठेवून वळचणीचा खालचा भाग पडवीवर न्यावा, ही जुनी रीत अद्यापही योग्य आहे.

माळा, पोटमजला व मधली फट

आतां मुख्य मुद्दा. माळा म्हणजे दोन मजल्यांच्या मध्यें किंवा उतरत्या छपराखालीं उरलेल्या पोकळींत केलेली, सामान ठेवण्याची जागा. संहितेनें तिची उंची जास्तींत जास्त १.५ मीटर, म्हणजे ४ फूट ११ इंच ठरविली आहे. एवढ्या उंचींत मोठें माणूस ताठ उभें राहूं शकत नाहीं. अर्थात् तेथें बिऱ्हाड होण्याची भीति नाहीं, आणि म्हणूनच तिला मजला म्हणत नाहींत. माळ्याखालीं चालण्यास निदान २.२ मीटर मोकळी जागा हवी. राहत्या खोलींत किंवा स्वयंपाकघरांत माळ्यानें त्या खोलीच्या क्षेत्रफळाच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक जागा व्यापूं नये. आणि कोणत्याही प्रकारें त्यानें खोलीची हवा अडवूं नये. नऊ फुटी खोलींत असा माळा घातला, तर त्याच्या पाटाची जाडी जातां वर सुमारें अर्धा मीटर जागा उरते. हंडे-पातेलीं, बियाण्याचे डबे व दिवाळींत काढावयाचें सामान यांस ती पुरते.

पोटमजला ही निराळी गोष्ट आहे. नकाशांत यास मेझनिन असें लिहिलेलें आढळतें. उंच खोलींत मध्येंच अर्धवट फरशी घालून केलेली व खालच्याच मजल्याचा भाग मानलेली ती जागा होय. तिची उंची २.२ मीटरांहून कमी चालत नाहीं. सर्व पोटमजल्यांचें मिळून क्षेत्रफळ जोत्याच्या क्षेत्रफळाच्या एक-तृतीयांशाहून अधिक असूं नये. तेथें स्वयंपाकघर करूं नये, लहान लहान खोल्या पाडूं नयेत, आणि हवा कोंडेल अशा रीतीनें ती बंद करूं नये. राहण्यासाठीं वापरावयाची असेल तर तेथें राहत्या खोलीइतका हवा-उजेड असला पाहिजे. वर २.२ व खालीं तितकीच उंची, मध्यें फरशीची जाडी, असा हिशेब केला, तर मूळ खोली जवळजवळ साडेचार मीटर, म्हणजे पावणेपंधरा फूट उंच हवी. साधारण घरांत पोटमजला बसत नाहीं तो याचमुळें.

आतां हे आंकडे एका ओळींत मांडून पाहा. दीड मीटरपर्यंत माळा, २.२ मीटरपासून कोठी किंवा पोटमजला, २.७५ मीटरपासून राहती खोली. दीड मीटरच्या वर व २.२ मीटरच्या खालीं जी जागा येते, तिला नियमांत नांवच नाहीं. ती माळ्याहून उंच म्हणून माळा नव्हे, आणि कोठीहूनही ठेंगणी म्हणून कोठीदेखील नव्हे. आमच्या धाकट्या भावाच्या वांट्याचा १.९५ मीटरांचा ‘वरचा मजला’ नेमका या फटींत पडला होता.

जुन्या घरांत अशी जागा आढळते ती सहजगत्या राहिलेली असते. परंतु हल्लीं नव्या घरांतही ती मुद्दाम केलेली दिसते. पावणेसहा-सहा फुटांची जागा सोडून द्यावयाची; मोजणीस कोणी आला कीं त्यास माळा म्हणून दाखवावयाची, आणि सोयरिकीस कोणी आला कीं त्यास मजला म्हणून सांगावयाची ! या चतुराईंत लाभ कोणाचाच नाहीं. विटा, पोलाद व मजुरी मजल्याची लागते आणि उपयोग माळ्याचा होतो. पुढें त्या जागेवर कर्ज मागा, विक्री करा, कीं मुलांत वाटणी करा, तेव्हां टेप सर्व उघडें पाडतो. माळा करावयाचा तर दीड मीटरच्या आंत करावा. मजला करावयाचा तर आणखी चार थर चढवून पुरा करावा.

तळघर व जोतें

धान्यासाठीं पेव किंवा बळद करण्याची चाल मागें पडली, तरी तळघराची हौस कांहीं ठिकाणीं आहे. तळघर हाही इमारतीचा सर्वांत खालचा मजलाच होय. त्याची उंची सर्व ठिकाणीं निदान २.४ मीटर असावी, आणि त्याचें छत भोंवतालच्या जमिनीच्या सरासरी पातळीहून ०.९ ते १.२ मीटर वर असावें, असें संहिता सांगते. छत जमिनीच्या वर काढण्याचा हेतु हाच कीं तेथें झरोके ठेवतां यावेत. भिंती व तळ यांतून पाणी झिरपूं नये व पावसाचें वाहतें पाणी आंत शिरूं नये, हेही नियम आहेत. काळ्या जमिनींत हें साधणें अवघड व खर्चाचें असतें. आणि ओल लागलेलें धान्य म्हणजे बुरशी. सबब काळ्या रानांत तळघराच्या नादीं न लागणें बरें.

जोतें भोंवतालच्या जमिनीहून निदान ४५ सेंटीमीटर, म्हणजे दीड फूट उंच हवें. घरासमोरील रस्त्यावर दर खेपेस खडीचा नवा थर पडून रस्ता चढत जातो, म्हणून यापेक्षां थोडें अधिकच ठेवणें शहाणपणाचें. जोत्याची उंची इमारतीच्या एकंदर उंचींत मोजली जाते, कारण इमारतीची उंची भोंवतालच्या जमिनीपासून धरतात. खोलीच्या उंचीशीं मात्र तिचा संबंध नाहीं. जोतें उंच केल्यानें खोली उंच होत नाहीं. आणि जुन्या फरशीवर दुसरी फरशी चढविली तर खोली तितकी ठेंगणी होते. हौसेनें छताखालीं दुसरें खोटें छत लावणाऱ्यानेंही हें ध्यानांत ठेवावें; माप खालच्या छतापर्यंत धरतात, वरच्या स्लॅबपर्यंत नव्हे.

बांधतांना व कागद करतांना

पहिली गोष्ट, नकाशा काढून घेतांना नुसता खोल्यांचा आडवा नकाशा घेऊं नये. घर मधोमध कापल्यासारखें दाखविणारा उभा छेदही मागून घ्यावा. जोतें, फरशी, तुळई, स्लॅब व कठडा यांच्या उंचीचे आंकडे त्यावर असतात. दुसरी गोष्ट, जोतें झाल्यावर पाण्याच्या नळीनें पातळी काढून चारी भिंतींवर एकच खूण करावी, व पुढील सर्व मापें त्या खुणेपासून घ्यावीं. तिसरी गोष्ट, फरशी पुढें बसावयाची असली तरी तिची व तिच्याखालील थराची जाडी आजच वजा धरावी. चौथी गोष्ट, स्लॅब ओतण्यापूर्वीं, फळ्या लागलेल्या असतांनाच, घरधन्यानें स्वतः टेप धरून छताखालीं व तुळईखालीं माप घ्यावें. त्या दिवशीं चूक सांपडली तर अर्ध्या दिवसाचें काम. दुसऱ्या दिवशीं सांपडली तर जन्माची खोड.

पांचवी गोष्ट कागदाची. वाटणीपत्रांत किंवा खरेदीपत्रांत नुसतें ‘मजला’ किंवा ‘माळा’ असें लिहूं नये. पुढील बाबी लिहाव्या : जागा कोणत्या मजल्यावर आहे, लांबी व रुंदी किती, भिंतीपाशीं उंची किती व आढ्याखालीं किती, सध्यां वापर राहण्याचा आहे कीं सांठवणीचा, जिन्यावर हक्क कोणाचा, छपराची दुरुस्ती कोणी करावयाची, आणि पुढें वर बांधण्याचा हक्क कोणास राहील. शेवटच्या बाबीवरून जेवढे तंटे होतात तेवढे दुसऱ्या कशावरून क्वचितच होत असतील. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या उताऱ्यांत घराची नोंद असते, पण ती कर आकारणीची नोंद होय. तिच्यावर विसंबून वाटणी करूं नये. घरच मोजावें.

वर सांगितलेल्या भावांचा तंटा अखेर गांवांतील दोघां वडीलधाऱ्यांनीं मिटविला. थोरल्यानें परसांतील दोन खण जागा धाकट्यास दिली. त्यानें तेथें आपलें घर बांधलें, आणि माळा दोघांच्या धान्यास सामाईक राहिला. नव्या कागदांत सर्व उंच्या आंकड्यांत लिहिल्या. परंतु मधल्या काळांत दोघांच्या घरीं दोन कार्यें झालीं, आणि एकाच्या कार्यास दुसरा गेला नाहीं. घर बांधणाऱ्यानें व वाटणी करणाऱ्यानें एवढी एक गोष्ट स्मरणांत ठेवावी : लांबी-रुंदी सर्वच मोजतात, उंचीही मोजावी, आणि मोजलेली लिहून ठेवावी.